पाककृतींची देवघेव आणि गावकुसाबाहेरची चूल

मैत्रिणींनी एकमेकींना आपल्या घरचे पदार्थ सांगणे ही वरवर पाहता अगदी साधी गोष्ट आहे. लग्नघरात, एस. टी. च्या प्रवासात, मधल्या सुटीत शिक्षकखोलीत ही देवघेव सतत चालू असते. 'तुमच्यात आमटीला काय लावतात?' एवढ्या प्रश्नावरून ओळख होते आणि पुढे ती मैत्रीपर्यंत जाते. साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या नियतकालिकाने या विषयासाठी पाने का खर्चावीत, असे कोणी विचारील. जातिव्यवस्था रोटी आणि बेटी या दोन व्यवहारांवर उभी आहे, हे आपण सारेच म्हणतो. बेटीव्यवहाराची चर्चा आपण पुष्कळ केली. हॉटेले आणि खानावळी कायद्याने सर्वांना खुल्या झाल्या, म्हणजे रोटीचा प्रश्न मिटला, असे मात्र आपण धरून चाललो. माझ्या मते हा प्रश्न पंगतीतून उठला आणि पाककृतीत जाऊन बसला. कोण कोणाला पाककृती विचारतो, कोण सांगतो आणि सांगणारा त्यातले काय गाळतो, हे पाहिले म्हणजे त्याचा पत्ता लागतो.

रहिमतपूरला आम्ही पाचजणी मैत्रिणी आहोत. दोघी बौद्ध, एक मातंग, एक मराठा, एक मुसलमान. कोणी शाळेत शिकवते, कोणी दवाखान्यात आहे, मी महाविद्यालयात आहे. पाचांपैकी चौघींच्या आया अंगठा उठवणाऱ्या. काही वर्षांपूर्वी आम्ही एक दोनशे पानी वही घातली. जिला जे चांगले जमते ते तिने त्या वहीत लिहावे आणि वही पुढे द्यावी, असा रिवाज पडला. वही अर्धी भरल्यावर मी ती सलग वाचली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. मुसलमान मैत्रिणीने शीरखुर्मा आणि खिमा लिहिला होता. मराठा मैत्रिणीने पांढरा रस्सा, कटाची आमटी आणि आल्याची वडी लिहिली होती. (आमच्या भागात आल्याची शेती मोठी, त्यामुळे ती वडी प्रत्येक घराची वेगळी.) राहिलेल्या आम्हा तिघींच्या पानांवर गुलाबजाम, पावभाजी, ढोकळा, भरली वांगी. ज्या अन्नावर आम्ही तिघी वाढलो त्यातला एकही पदार्थ वहीत नव्हता. पाचहीजणी एकमेकींच्या घरी जेवतात, एका ताटातही जेवतात. शिवाशिवीचा तेथे प्रश्नच नव्हता. तरीही असे का झाले, हे समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

पहिले कारण पाककृतीच्या भाषेत आहे. मराठीत पाककृती छापून सांगण्याची रीत सुमारे दीडशे वर्षांची. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले आणि ते मध्यमवर्गीय घरांत पोथीसारखे पोचले. कमलाबाई आपल्याच मुलखातल्या, कुंडलच्या. शिक्षण चौथीपर्यंतचे. शास्त्रीय मापांच्या भानगडीत न पडता वाटी आणि चमचा ही घरातली मापे त्यांनी धरली आणि नव्या संसारातल्या मुलींना स्वयंपाक सोपा करून दिला. चौथी शिकलेल्या बाईचे हे काम लहान नाही, आणि त्याला मी नावे ठेवणार नाही.

पण वाटीचे माप कोणाच्या घरात चालते? 'दोन वाट्या डाळ घ्यावी' या वाक्यात डाळीचा भरलेला डबा गृहीत आहे. डब्यात दोनपेक्षा अधिक वाट्या आहेत, म्हणून तर दोन मोजून घ्यायच्या. आमच्या आयांच्या घरी धान्य मोजले जाई ते घरात येताना, शिजवताना नव्हे. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सुगीला दिवसभराच्या कामाचे जे काही पदरात पडे ते या मापाने. एकदा घरात आले की माप खाणाऱ्या तोंडांचे. आज सहा तोंडे आहेत, पीठ एवढे आहे, तर पाणी किती घालायचे, हा प्रश्न. म्हणजे छापील पाककृतीत जिन्नस ठरलेले असतात आणि माणसे बदलतात. आमच्याकडे माणसे ठरलेली असत आणि जिन्नस बदलत. ही दुसऱ्या प्रकारची विद्या वाटी-चमच्यात बसत नाही. ती लिहायला घेतली की लिहिणारीलाच वाटू लागते, यात सांगण्यासारखे काय आहे?

सांगण्यासारखे पुष्कळ आहे. येसरच घ्या. सातारा-सांगली-सोलापूरकडे येसर सर्वच शेतकरी-कष्टकरी घरांत होतो. सधन घरात त्यात हरभऱ्याची डाळ, गहू, धने, खोबरे असा ऐवज पडतो. आमच्या घरी बाजरी, थोडी ज्वारी, मूठभर धने आणि मिरची. धान्य खापरात तडतडेपर्यंत कोरडेच भाजायचे. तेलाचा थेंब नाही. मग जात्यावर जाडसर दळून मडक्यात भरायचे. भाजल्याने धान्यातली ओल जाते, म्हणून ते महिनोन् महिने टिकते. खरी करामत पुढची. घरात पावशेर मटण आणि खाणारे दहा, अशा वेळी भांडेभर पाण्यात ते मटण हाडांसकट शिजवायचे आणि थंड पाण्यात कालवलेला येसर त्या उकळीत सोडायचा. धान्यातला पिठूळ अंश पाणी धरून ठेवतो, रस्सा दाट होतो, हाडांचा रस साऱ्या भांड्यात सारखा पसरतो. ज्याच्या वाट्याला फोड आली नाही त्यालाही मटण खाल्ल्याचे समाधान. अर्थशास्त्राच्या पुस्तकात टंचाईचे नियोजन म्हणून जे शिकवतात ते माझ्या आत्तीला पळीने येत होते.

हुलग्याचे माडगेही असेच. हुलगा हलक्या, मुरमाड रानात आणि अपुऱ्या पावसात येणारे कडधान्य. भाजून, दळून, ते पीठ गार पाण्यात गुठळी न होईल असे कालवायचे आणि लसूण-मीठ-मिरचीच्या उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचे. हात थांबला की गुठळी झालीच. पातळ केले तर वाटीने प्यायचे, दाट केले तर भाकरी कुस्करून खायची. बाळंतिणीला, आजाऱ्याला, थंडीत कामावरून आलेल्या माणसाला एकाच भांड्यातून तीन तऱ्हांनी देता येणारा हा पदार्थ. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला आनंदच आहे. हुलगा मात्र अजून गरिबाचे आणि जनावराचे खाणे म्हणूनच ओळखला जातो.

याच्याही पलीकडे एक अन्न होते. ज्याची पाककृती होऊच शकत नाही, असे. येसकरपाळीवर असलेला महार घरोघर फिरून भाकरी गोळा करी. एका घरची ज्वारीची, दुसऱ्या घरची बाजरीची, कुठे सणाची पोळी, कुठे कालवण त्याच भाकरीवर ओतलेले. हे सारे टोपल्यात एकत्र होई. उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे आणि पावसाळ्यात, घरात काही नसेल तेव्हा, मीठ-मिरचीच्या पाण्यात उकळून खायचे. मध्यमवर्गीय घरात शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीला घालतात आणि त्याला गृहिणीचा काटकसरीपणा म्हणतात. कृती जवळजवळ तीच आहे. फरक एवढाच की एकीकडे शिळे आपल्याच घरचे आहे आणि दुसरीकडे ते गावाने दिलेले आहे. पाककृतीला निवड लागते. काय शिजवायचे हे दुसऱ्याने ठरवले असेल तर 'साहित्य' या मथळ्याखाली काय लिहावे? अमक्याच्या घरची अर्धी भाकरी, तमक्याच्या वाड्यावरचे उष्टे, असे लिहावे लागेल. माझ्या मते तसेच लिहिले पाहिजे.

दुसरे कारण डबा उघडण्याच्या भीतीचे. आमच्या रहिमतपूरवरून जाणाऱ्या रेल्वेला या बाबतीत एक इतिहास आहे. १९०१ च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून याच मार्गाने मसूरपर्यंत गेली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांना भेटायला. मसूरला जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी गाडी स्वतः हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. बरोबर जेवणाचा डबा होता, भरपूर अन्न होते. वाटेत तो उघडला. पण प्यायला पाणी म्हणून जे मिळाले ते नदीच्या पात्रातले शेणामुताचे डबके. पोट भरण्याआधीच डबा मिटावा लागला. नाक्यावरही पाणी मिळाले नाही आणि मुले उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सविस्तर सांगितले आहे. त्या डब्यात काय होते हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही. कित्येकदा माझ्या मनात येते, त्या डब्यातले पदार्थ कळले असते तर किती बरे झाले असते.

आज त्याच मार्गावर आमच्यातल्या नोकरदार बाया रोज जातात. पाणी मिळते, डबाही उघडता येतो. पण डब्यात काय न्यायचे हे घरून निघतानाच ठरलेले असते: पोळी आणि बटाट्याची भाजी. घरी वजडी झालेली असली तरी ती डब्यात जात नाही. वास येतो, हे सांगायचे कारण. बोंबलालाही वास येतो आणि मेथीच्या लाडवालाही येतो. पण त्या वासांना जात चिकटलेली नाही. स्वयंपाकाचा हात कोणाचा, ही चौकशी अजून किती जिवंत आहे हे २०१७ साली पुण्यात दिसले. एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली. (ती पुढे मागे घेतली गेली.) स्वयंपाकात चूक काढलेली नव्हती. पदार्थ तेच, चव तीच, हात मात्र दुसरा. आणि ती स्वयंपाकीण दलितही नव्हती.

एका महिला मंडळाच्या 'पारंपरिक पाककृती' स्पर्धेचे पत्रक गेल्या वर्षी आमच्या हाती आले. पहिलाच नियम: पदार्थ शाकाहारी असावा. आमच्या मातंग मैत्रिणीने ते वाचून घडी घालून ठेवून दिले आणि म्हणाली, "म्हंजे आमच्याकडं परंपराच न्हाई." ती हसत म्हणाली, पण त्या पत्रकाचा याहून नेमका अर्थ मला सांगता येणार नाही.

तिसरे कारण सर्वांत अवघड आहे आणि ते बाहेरचे नाही, आपल्यातले आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा. लोकांनी ते ऐकले. ऐकण्याची किंमतही मोजली, कारण मेलेले ढोर ओढणे सोडले की गाव चिडे, बलुते तोडी. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर वस्त्याच्या वस्त्यांनी हे खाणे बंद केले, आणि १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. तेव्हा आज कोणी त्या पदार्थांची कृती लिहू म्हटले की जुनी माणसे अस्वस्थ होतात. माझी आत्ती ऐंशीच्या पुढची आहे. तिला मी चान्यांबद्दल विचारले. मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात वाळवायच्या आणि मडक्यात भरून ठेवायच्या, एवढे मला इकडून तिकडून माहीत होते. आत्ती म्हणाली, "बाबासायबानं सोडा म्हणून सांगितलं, आमी सोडलं. आता तू लिवून पुन्ना घरात कशाला आनतीस?"

तिचा हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांनी उपाशी राहून ही घाण सोडली त्यांना त्या अन्नाचे कौतुक करणारे शिकलेले नातवंड म्हणजे आपल्या लढ्याची चेष्टा वाटणार. शहरात हल्ली गरिबांच्या जेवणाला मोठ्या हॉटेलांत मान मिळतो. माडगे काचेच्या पेल्यात येते. त्या कौतुकात आपणही सामील झालो तर आत्तीचा राग बरोबरच ठरेल.

तरीही मी लिहिण्याच्या बाजूने आहे. बाबासाहेबांचा घाव चवीवर नव्हता, लाचारीवर होता. मेलेले ढोर हे अन्न म्हणून वाईट होतेच, पण त्याहून वाईट होते ते गावाने नेमून दिलेले काम आणि त्या कामाची मजुरी म्हणून. ते नाते तोडायचे होते. नाते तुटले, पण त्याची नोंद राहिली नाही, तर पुढच्या पिढीला वाटेल की आपण पहिल्यापासून पावभाजीच खात होतो. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये (ते १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले) महारवाड्यातले खाणे लाज न बाळगता लिहिले. ते कौतुक नाही, साक्ष आहे. आपल्या आत्मकथनांतून भूक फार आली. चूल त्या मानाने थोडी आली. ती उणीव पुढे काहीशी भरून निघाली. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती आणि पाककृती एकत्र आणल्या. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' निघाले. पाटोळे मराठवाड्यातले, महार आणि मांग घरांतल्या पदार्थांची कृती सांगताना त्यात तेल, तूप, दूध का नाही हेही ते सांगतात. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. पुस्तकाच्या नावातच त्यांनी जो 'अ' घातला आहे तो एका अक्षरात पुष्कळ बोलतो.

योगायोग असा की हे पुस्तक आले त्याच वर्षी महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यात दुरुस्ती लागू होऊन गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. आपण जे स्वाभिमानाने सोडले ते आणि सरकारने जे बंद केले ते, या दोन गोष्टी एक नव्हेत. सोडणे हा आपला निर्णय होता. हा फरक समजण्यासाठीसुद्धा आपण काय खात होतो, कशासाठी आणि कोणाच्या हुकमाने, हे लिहून ठेवणे भाग आहे.

साताऱ्याला एकत्र स्वयंपाकाची परंपरा नाही असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले तेथे सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे जेवत, स्वयंपाकालाही मिळून हात लावत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. त्या चुलीने हातांमधला भेद मोडला, हे त्या काळात फार मोठे काम झाले. ज्वारीची भाकरी आणि आमटी सर्वांची एकच असल्यामुळे मात्र कोण घरून काय चव घेऊन आला हा प्रश्न तेथे यायचे कारण नव्हते. तो आता आमच्यासारख्यांपुढे आहे.

आमच्या वहीत त्यानंतर थोडा बदल झाला. मराठा मैत्रिणीने एके दिवशी आपणहून विचारले, "तुमच्या घरी सणाबिगर मटण झालं की कसं करायचे गं?" हा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो, हे मला तेव्हा उमगले. सांगणाऱ्याइतकीच विचारणाऱ्याचीही जबाबदारी असते. तिला येसर सांगितला. तिने तो करून पाहिला, आणि मिरची जास्त झाली म्हणून फोनवर भांडलीही. मग रक्ती आली: थिजलेले रक्त उकळत्या पाण्यात घट्ट होईपर्यंत शिजवून, हाताने कुस्करून कांदा-मिरचीवर परतायचे. मुसलमान मैत्रिणीने ते पान वाचले आणि स्वच्छ सांगितले, "हे आमच्यात चालत नाही, मी खाणार नाही, पण लिही." यात मला काहीही गैर वाटले नाही. न खाणे आणि हलके लेखणे यांत अंतर आहे, आणि मैत्रीत ते अंतर कळते.

आता वहीत आम्ही प्रत्येक पदार्थाखाली चार गोष्टी अधिक लिहितो: कोणी सांगितला, जिन्नस कुठून येत, कधी होई, आणि आता होतो का. चान्यांचे पान आत्तीच्या शब्दाखातर कोरे आहे. वर फक्त नाव आहे. वजडी मात्र तिने स्वतः सांगितली आणि मी सांगितले तसेच उतरवून घेतले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी सांगणारी माणसे अजून आहेत त्यांनी असेच करावे, म्हणून ते पान येथे देते.

वजडी. सांगणारी आत्ती. गावच्या यात्रेला वाड्यावर बोकड पडे. मटण वाड्यात राही, आतडी आणि वजडी आमच्या आजीच्या टोपल्यात येई. आता बाजारात विकत मिळते. वजडी उलटी करून आतली घाण नदीवर धुवायची. घरी आणून कडकडीत पाण्यात बुडवायची आणि लगेच काढायची. फार वेळ ठेवली तर काळा थर चिकटून बसतो, लवकर काढली तर सुटत नाही. पाटीवर पसरून सुरीने खरवडायची, पांढरी दिसेपर्यंत. पुन्हा तीन पाण्यांनी धुवायची. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून हळद-मिठाच्या पाण्यात शिजत टाकायची. चुलीवर दुपार जाते, कुकरमध्ये पुष्कळ शिट्ट्या लागतात. तेल नसे, वजडीला चिकटलेली चरबी तव्यात आधी वितळवायची, तिच्यावर कांदा, ठेचलेला लसूण, मिरची आणि मूठभर येसर. मग शिजलेली वजडी आणि तिचेच पाणी. आले घालायचे का, असे मी विचारले तर आत्ती म्हणाली, आले बाजारला जायचे, घरात नसायचे. आता आहे तर घाल. भाकरी तयार असल्याशिवाय भांडे उतरवायचे नाही, कारण ही गरमच खायची. निवली की चरबी टाळूला चिकटते.